मथुराकाकी आणि न जेवणारा पावना

माझ्या जुन्या घरमालकीण मथुराकाकी घरत वारल्या, त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. त्यांच्याबद्दल बोलायला लागलो की मी हमखास अजगरापासून सुरुवात करतो. माझा आवाज चढतो, हात आपोआप हवेत जातात, आणि काकींना कधीच न पाहिलेली माझी बायको म्हणते, "अहो हळू, शेजाऱ्यांना वाटेल भांडण चाललंय." वाटू दे! अजगराची गोष्ट हळू आवाजात सांगता येत नाही. मी एकदोनदा सांगून पाहिली आहे, तिच्यातला जीवच जातो.

पण अजगराच्या आधी काकी कळायला हव्यात.

कामोठ्याला जुन्या गावाच्या कडेला त्यांची तीन मजली इमारत. खालची जमीन सासऱ्यांची, भाताची. "आदी भात पिकायचा, आता भाडेकरू पिकतात," असं त्याच म्हणायच्या. त्या पिकातला मी एक. पनवेलच्या एका ज्युनियर कॉलेजात मला जीवशास्त्र शिकवायची नोकरी लागली होती आणि साताऱ्याहून एक बॅग घेऊन मी जागा शोधत फिरत होतो. कोणीतरी पत्ता दिला म्हणून सकाळी पावणेबाराला बेल वाजवली. दार उघडलं ते एका बुटक्या, रुंद, आगरी पद्धतीचं नऊवारी नेसलेल्या बाईंनी. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, हाताला तांदळाचं पीठ. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न, "जेवलात?"

मी म्हणालो, "हो, हो."

"काय जेवलात?"

मला पटकन खोटं सुचत नाही. "पोहे," मी म्हणालो.

"पोहे म्हंजे जेवन नाय. बसा."

मी बसलो. घाटावरचा आहे म्हटल्यावर त्यांनी जरा दयेनेच माझ्याकडे पाहिलं आणि मच्छी बाजूला ठेवून वालाचं बिरडं वाढलं. सोबत तांदळाची भाकरी, तव्यावरून थेट पानात. दुसरी संपायच्या आत तिसरी आली. खोली बघायला मी वर गेलो तो जेवणानंतर, आणि इतका सुस्तावून की जी पाहिली ती पसंत केली. बाथरूमला खिडकी नाही हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तरी त्या खोलीत मी सहा वर्षं काढली.

जेवू घालणं हा काकींचा छंद नव्हता, तो त्यांचा स्वभावही नव्हता, त्याच्या पुढचं काहीतरी होतं. पानावर बसलेल्या माणसाच्या शेजारी त्या उभ्या राहायच्या, एका हातात भाकरी, दुसरा हात कमरेवर. आपण 'नको' म्हटलं की त्यांना 'थोडं' ऐकू यायचं. 'अर्धी' म्हटलं की एक पडायची. "पानावर बसलेला मानूस खोटं बोलतो, त्याचं ऐकायचं नाय," हे त्यांचं शास्त्र. आणि दुसरा नियम याहून कडक: त्यांच्या घरात कोणी एकटं जेवायचं नाही. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस जेवायला बसला की काकी स्वतः पोटभर जेवलेल्या असल्या तरी समोर मांडी घालून बसायच्या आणि भाकरीचा एक तुकडा उगाच चघळत राहायच्या. "एकट्याला घास उतरत नाय, सर. समोर कोन तरी पायजे." मी एकदा म्हणालो, काकी, मी कित्येक वर्षं खोलीत एकटाच जेवतोय. त्या म्हणाल्या, "म्हनून असं दिसताय." विषय संपला.

पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला एक टाय लावलेला तरुण आला होता. त्याने माहितीपत्रक उघडलं तेवढ्यात काकींनी ताट मांडलं. दीड तासाने मी कॉलेजातून आलो तर तो सोफ्यावर टाय सैल करून गाढ झोपलेला आणि काकी पंख्याचा वेग कमी करतायत. यंत्र काही विकलं गेलं नाही, पण तो पुढे दिवाळीला फराळाला यायचा.

आणि ती हळदीची गोष्ट! त्यांच्या पुतणीची हळद. आगरी लोकांची हळद म्हणजे अख्खं गाव रस्त्यावर, बँजो, नाच, आणि जेवणाच्या पंगतींवर पंगती. काकी पंगतीत वाढत होत्या आणि कोणीतरी सहज बोललं की नवऱ्या मुलाचे पेणचे मामा न जेवताच निघाले, त्यांना घाई होती. काकींनी हातातलं पातेलं माझ्याकडे दिलं. डोक्यापासून पायापर्यंत हळदीने पिवळ्या झालेल्या काकी एका रिक्षात चढल्या आणि गेल्या. मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जातील. त्या पळस्पे फाट्यापर्यंत गेल्या! तिथे गाड्या अडकल्या होत्या. गोव्याच्या रस्त्याला लागायच्या आत मामांच्या गाडीच्या काचेवर यांनी पिवळ्या हाताने थाप मारली. मामांनी मला नंतर सांगितलं, "मी घाबरूनच मागे फिरलो हो." पाऊण तासात ते पंगतीत होते, काकी शेजारी उभ्या होत्या, आणि त्यांच्या पानात तिसऱ्यांदा वडे पडत होते. काचेवरचा पंजा त्यांनी पुढचे कित्येक दिवस पुसला नाही म्हणे.

अशा बाईंच्या घरात एक असा प्राणी आला, ज्याने जेवायला नकार दिला.

त्यांचा मुलगा प्रशांत बोटीवर इंजिनियर. सहा-सात महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. त्याने एक अजगर पाळला होता. आपल्याकडचा नव्हे, आपला अजगर पाळणं हा गुन्हा आहे. हा आफ्रिकेतला, बॉल पायथन म्हणतात त्या जातीचा, साडेतीन-चार फूट, तपकिरी अंगावर पिवळट ठिपके, घाबरला की स्वतःचं डोकं मधोमध दडवून चेंडू होणारा. त्याची सरकारदरबारी रीतसर नोंदणी केलेली होती. तो नोंदणीचा कागद काकींनी लॅमिनेट करून देवघराशेजारच्या खिळ्याला लावला होता. कोणी विचारलं की बोट दाखवायच्या, "त्याचं आधार कार्ड." प्रशांतने त्याचं नाव कोको ठेवलं होतं. काकी त्याला पावना म्हणायच्या. लांबून आलाय, आपल्या घरी उतरलाय, म्हणजे पावनाच.

प्रशांत घरी असेपर्यंत सगळं त्याच्या खोलीत, बंद दाराआड चालायचं. मी कधी आत गेलो नव्हतो आणि जायची इच्छाही नव्हती. त्या खेपेला बोटीवर जाताना त्याने फ्रिजवर एक कागद चिकटवला: पेटीचं तापमान किती, पाणी कधी बदलायचं, आणि दर पंधरा दिवसांनी एक उंदीर. उंदीर विकत मिळतात, मेलेले, गोठवलेले. ते गरम पाण्यात ठेवून उबदार करायचे आणि लांब चिमट्याने पुढे धरायचे. काकींना किळस वगैरे काही नव्हती. फ्रीजरमध्ये एका बाजूला सुरमई, दुसऱ्या बाजूला झाकणाच्या डब्यात उंदीर, डब्यावर खडूने 'पावना'. लेकाला त्यांनी शब्द दिला होता, "तू बिनघोर जा. माज्या घरात कोन उपाशी राह्यलाय आजवर?"

पहिल्या पंधरवड्यात पावन्याने उंदीर घेतला नाही. दुसऱ्या पंधरवड्यात नाही. तिसऱ्यांदा काकी माझ्या दारात.

"सर, तुमी बायलॉजीचं ना?"

आता काय सांगू! सरपटणारे प्राणी हा धडा मी पाच वर्षं तक्त्यावर छडी ठेवून शिकवत होतो. जिवंत साप मी जवळून बघितला तो गारुड्याकडे, तोही आईच्या मागे उभा राहून. पण काकींच्या 'ना?'ला 'नाही' म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

खाली गेलो. हॉलमध्ये टीव्ही आणि शोकेसच्या मधे काचेची पेटी. तिच्यात एक पालथी कुंडी, लपायला. कुंडीच्या तोंडाशी पावना चेंडू होऊन बसलेला. पेटीच्या समोरच सतरंजी, जिच्यावर रोज सगळी पंगत बसायची. लोक हॉलमध्ये माशांची टाकी ठेवतात, तशी ही ठेवली असेल, असं मला वाटलं. मी ते मनावरही घेतलं नाही. किती मोठी चूक नजरेसमोर होती, आणि मी जीवशास्त्राचा मास्तर!

"बगा ना, आमी सगले हतं जेवतो, आनि ह्यो नुसता बसून ऱ्हातो," काकी सतरंजीकडे हात करून म्हणाल्या. मग चिमट्यात उंदीर धरून त्यांनी झाकण सरकवलं. "घे रं बाबा. एक घास. माज्या नावाचा एक घे. बरं, प्रशांतच्या नावाचा घे." चेंडू आणखी घट्ट झाला. काकींनी उंदीर त्याच्या अंगाला लावला, डावीकडून नेला, उजवीकडून नेला. पंधरा मिनिटं! मग सुस्कारा सोडून माझ्याकडे बघितलं, जणू मी सांगितलं तर तो ऐकेल.

पुढचे दिवस मी विसरू शकत नाही. दिवसातून आठ-दहा वेळा झाकण उघडायचं. सकाळी चहा घेताना, दुपारी, संध्याकाळी. एकदा मी गेलो तर काकी ओट्यापाशी उंदराला हळद-मीठ लावत होत्या.

"काकी! हे काय?"

"कच्चं कोन खातं सर? म्हनूनच नाय खात तो."

"अहो, त्याला कच्चंच लागतं!"

"तुमी त्याला इचारलंय?"

दुसऱ्या खेपेला कोळंबीच्या कालवणाचं पाणी. ते मी हातातून अक्षरशः ओढून घेतलं. गल्लीतल्या बायका हळदकुंकू आणि वाटीभर दूध घेऊन आल्या, त्यांना मात्र काकींनीच दारातून पिटाळलं. "दूद त्याला पचत नाय. कागदावर लिवलंय." म्हणजे वाचलेलं त्या पाळत होत्या, पण त्या कागदावर आग्रहाबद्दल काही लिहिलं नव्हतं.

प्रशांतचा फोन आठवड्यातून एकदा, तोही तुटक, नुसता आवाज. "आई, नाही खात कधी कधी. होतं. वजन बघ." काकी रोज वजन बघायला लागल्या. चौदाशे ग्रॅम होतं, तेराशे झालं, आणि साडेबाराशेवर आलं तेव्हा त्यांनी ठरवलं, डॉक्टर.

पनवेलला एक डॉक्टरीण होत्या, शबाना मॅडम, सापा-कासवांचं बघायच्या. पावन्याला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्र्याला गाठ, अभ्रा भाजीच्या टोपलीत, टोपली काकींच्या मांडीवर, आणि त्यांच्या शेजारी, शक्य तितका रिक्षाच्या बाहेर, मी. पनवेलच्या अलीकडे गाड्या अडकल्या. रिक्षावाल्याने वळून विचारलं, "काय मावशी, कोंबडी काय?"

"नाय रं, पावना हाय आमचा."

तेवढ्यात टोपली हलली. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं, काकींनी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि मग त्या माणसाने पदपथावरून, उलट्या बाजूने, कुठून कुठून रिक्षा काढली हे मी पोलिसांना सांगणार नाही. सात मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. उतरल्यावर काकी त्याला म्हणाल्या, "परत नेशील ना?" तो गेलेलाच होता.

शबाना मॅडमनी पावन्याला हातात घेतलं, तोंड बघितलं, पोट चाचपलं. "आजारी नाही वाटत, काकी. स्ट्रेस असेल. जागा बदलली का त्याची?"

"नाय. घर तेच," काकी म्हणाल्या.

"टेम्परेचर?"

"कागदावर हाय तसंच."

मॅडम विचारात पडल्या. "ठीक आहे. वजन बाराशेच्या खाली जाऊ देऊ नका. पंधरा दिवसांत खाल्लं नाही तर आणा, मग नळीने घालावं लागेल."

नळी म्हटल्यावर काकींचा चेहरा एकदम उतरला. परत येताना रिक्षात त्या कितीतरी वेळ गप्प होत्या. काकी गप्प! टोपलीवर हात ठेवून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "प्रशांतच्या बाबांना पन नली लावलेली."

मी त्यांच्याकडे वळलो.

"दोन म्हैने मानूस जेवत नव्हता सर. मी सोडला नाय त्यांना. पेज घे, मऊ भात घे, एक घास घे. तोंड फिरवायचे, मी तिकरं जायची. भिंतीकरं तोंड केलं, तर मी भिंतीला टेकून बसली. आमचं शेवटचं बोलनं म्हायतंय काय? मी म्हनली 'खा'. ते म्हनले 'नको'. बस, येवढंच. चालीस वर्सांचा संसार, आनि शेवटाला दुसरं कायच बोललो नाय." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "आता ह्यो पन तसाच गेला तर? प्रशांतला तोंड कसं दाकवू? मना वाटतं, माज्याच हातात काय तरी खोट हाय."

त्या क्षणापर्यंत हा सगळा प्रकार माझ्यासाठी स्टाफरूममध्ये सांगायची गंमत होती. त्यानंतर नव्हती. पावन्याने जेवायलाच हवं होतं, आणि मला ते काकींइतकंच हवं झालं.

चार दिवसांनी बोट कुठल्याशा बंदराला लागली आणि प्रशांतचा पहिल्यांदाच व्हिडिओ कॉल आला. मी तिथेच होतो. काकींनी फोन पेटीसमोर धरला. "बग, कसा वालला तो."

पलीकडून प्रशांत म्हणाला, "आई, मागे टीव्ही दिसतोय. तो हॉलमध्ये काय करतोय?"

"मंग कुटं असंल?"

"माझ्या खोलीत! पडदे लावून. मी तिथेच ठेवून आलो होतो."

"त्या अंदारात?" काकींचा आवाज चढला. "आपन हतं पंगतीला बसायचं आनि पावन्यानं तिकरं एकट्यानं जेवायचं? तू गेलास त्याच दिवशी मी त्याला बाहेर आनला. सगल्यांच्यात बसंल, चार मानसं खाताना बगंल, तर त्याला पन वाटंल खावंसं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जागा बदलली का, घर तेच! काकींच्या हिशेबी घर म्हणजे एकच जागा होती.

"आई," प्रशांत हळू बोलला, "तो माणूस नाहीये. त्याला एकट्यालाच खायचं असतं. अंधारात, कोणी नसताना. खाताना त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही ना, म्हणून. कोणी बघतंय असं वाटलं की तो घाबरतो. तू दिवसातून किती वेळा उघडतेस पेटी?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"कोनी बगितलं तर नाय खात?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं. "असं पन असतं?"

असं पण असतं! बासष्ट वर्षांच्या आयुष्यात ही शक्यता त्यांच्या मनाला शिवली नव्हती. फोन बंद झाल्यावर त्या सतरंजीवर बसल्या आणि पेटीकडे बघत राहिल्या. मग एकदम लक्षात आलं तसं तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांपुढे धरला. "मी परत बगत बसली."

तासाभरातच आम्ही पेटी उचलून प्रशांतच्या खोलीत नेली. पडदे ओढले, पेटीवर तीन बाजूंनी चादर टाकली. प्रशांतचा हुकूम होता: दहा दिवस उंदीर दाखवायचा नाही, हात लावायचा नाही, वजनही करायचं नाही. दिवसातून एकदा पाणी बघायचं, तेही मी, चटकन.

ते दहा दिवस! अजगरासाठी सोपे असतील, काकींसाठी नव्हते. त्या दारापाशी जायच्या, कडीला हात लावायच्या, परत फिरायच्या. कुकरच्या शिट्ट्या बंद केल्या आणि भात पातेल्यात शिजायला लागला. टीव्हीचा आवाज इतका कमी की मालिकेतली सासू काय बोलते ते त्या ओठांवरून ओळखायच्या. पाचव्या दिवशी त्या माझ्या खोलीत येऊन बसल्या. "खाली ऱ्हायली तर दार उगडीन मी. हतं बसू द्या." आणि बसल्या बसल्या माझ्या भांड्यात काय शिजलंय ते बघितलं आणि मला बाजूला सारून स्वतःच फोडणी दिली. आतला आग्रह कुठेतरी बाहेर पडायलाच हवा होता.

अकराव्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, परीक्षा. उंदीर धरणार कोण? प्रशांतने मेसेज पाठवला होता, आईच्या हाताला मच्छीचा वास असतो आणि ती बोलल्याशिवाय राहणार नाही, सरांना सांग. सरांना! काकींनी उंदीर गरम पाण्यातून काढून पुसून दिला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि बाहेर पॅसेजमध्ये स्टुलावर जाऊन बसल्या. दाराकडे पाठ, तोंड भिंतीकडे, पदराचा बोळा तोंडात. 'घे' हा शब्द चुकून निघू नये म्हणून.

खोलीत अंधुक उजेड. मी झाकण जेमतेम सरकवलं, चिमटा आत नेला आणि थांबलो. घड्याळ ऐकू येत होतं. कुंडीच्या तोंडाशी काही नव्हतं. मग होतं. डोकं बाहेर आलं, इंचभर, जीभ लवलवली, पुन्हा लवलवली. मान एस अक्षरासारखी मागे गेली. धड्यात हे असतं, तक्त्यावर हे असतं, पण तक्ता आपल्या मनगटाकडे बघत नाही! आणि मग काय झालं ते मी पाहिलंच नाही, इतकं ते झटकन झालं. चिमट्याला हिसका बसला, माझ्या हातातून तो खणकन पडला, आणि पावन्याने उंदराला दोन वेढे घातलेले होते.

मी मागच्या मागे, उलट्या पावलांनी बाहेर आलो. दार ओढून घेतलं.

"घेतला?" काकींनी विचारलं. वळल्या नाहीत.

मी जोरजोरात मान हलवली.

"अवो सर, बोला की! मना मागं डोले हायत काय?"

"घेतला, काकी! घेतला!"

त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते मला पाठीवरून कळेना. मी म्हणालो, काकी, या, फटीतून बघा तरी. त्यांनी मान हलवली. "संपवू दे त्याला. मी नाय बगत." आणि पाऊण तास त्या तशाच बसल्या, भिंतीकडे तोंड करून. एवढा वेळ जेवणाऱ्याकडे पाठ करून त्या आयुष्यात कधी बसल्या नसतील.

मग मात्र उठल्या आणि कंबर कसली! त्या संध्याकाळी अख्ख्या इमारतीला तांदळाची खीर आणि वडे. तिसऱ्या मजल्यावरच्या डाएटवाल्या जोडप्यालाही सुटका नव्हती. पावन्यावर करता न आलेला सगळा आग्रह त्यांनी आमच्यावर वसूल केला. पावना पुढे दर पंधरा दिवसांनी नियमित जेवू लागला, प्रशांत परत आला तेव्हा वजन पुन्हा चौदाशेवर होतं, आणि काकींनी फ्रिजवरच्या कागदाखाली खडूनेच एक ओळ वाढवली होती: 'बगायचं नाय'.

मला वाटलं होतं, हा नियम फक्त पावन्यापुरता.

पुढच्या वर्षी माझी आई गेली. मी गावी गेलो, दिवस केले आणि वडील एकटे पडले म्हणून साताऱ्यातच नोकरी बघितली. कामोठ्याला परत आलो ते एका दिवसासाठी, सामान बांधायला. गावी पंधरा दिवस जो तो मला जेवायला लावत होता. घास घे, असं करून कसं चालेल, आईला बरं वाटेल का. प्रत्येक वेळी घास आणखी नकोसा व्हायचा. मी जे काही खात होतो ते लोकांनी गप्प बसावं म्हणून.

संध्याकाळी खोलीत खोकी बांधून बसलो होतो आणि जिन्यावर काकींची पावलं वाजली. हातात झाकलेलं ताट. मी मनात तीन-चार 'नको' तयार ठेवले. त्या आल्या. ताट एका खोक्यावर ठेवलं, झाकण काढलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मी आवाजाची वाट बघत होतो. त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, बाहेर गेल्या, दार थोडं पुढे केलं आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे. दाराच्या फटीतून ती रुंद पाठ आणि अंबाड्यातला एक सुटलेला केस दिसत होता.

किती वेळ गेला माहीत नाही. खाली कोणीतरी हाक मारली, काकींनी ओ दिली नाही. मी भाकरीचा तुकडा मोडला. तो उतरला. मग दुसरा.

"घेतला?" जिन्यावरून आवाज आला.

मी मान हलवली. मग लक्षात आलं, त्यांना दिसत नाही.

"घेतला, काकी."

त्या वळल्या नाहीत. माझं ताट संपेपर्यंत त्या तशाच बसून होत्या.